ठणठणीत भंगार

मित्रांनो, मी एक जुनी हार्ड डिस्क. पुढचं काही ऐकायच्या आधी एक गोष्ट कानात घालून ठेवा. मी बिघडलेली नाही. कधीच नव्हते. माझ्या पाठीवर लाल पेनानं मोठ्या अक्षरात 'खराब' लिहिलंय, ते वाचून बिचकू नका. माणसं कुणाच्याही पाठीवर काहीही लिहितात. ज्याची पाठ असते, त्याला विचारतंय कोण?

हार्ड डिस्क म्हणजे काय, ते आधी सांगते. कॉम्प्युटरच्या पोटात तुमच्या पंजाएवढी एक जड, थंड डबी असते, चारी बाजूंनी बंद. तिच्यात आरशासारख्या चकत्या गरागरा फिरतात. तुम्ही जे जे लिहिता, ठेवता, लपवता, ते सगळं त्या चकत्यांवर उमटतं. ती डबी म्हणजे मी. कॉम्प्युटर काही विसरत नाही असं तुम्ही म्हणता ना, ते खरं तर माझं कौतुक असतं. मिरवतो मात्र तो समोरचा स्क्रीन, तोंड पुढे करून.

माझा जन्म झाला तो कारखाना इतका स्वच्छ होता, की तिथं एखादी माशी शिरली तर तिला आधी आंघोळ घालायचे, पांढरा झगा चढवायचे आणि मगच बाहेरचा रस्ता दाखवायचे. हसू नका! मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. आता मला डोळे नाहीत, हा भाग वेगळा. एकदा तिथल्या एका कामगाराला शिंक आली. बिचाऱ्यानं ती दुपारच्या सुट्टीपर्यंत नाकातच धरून ठेवली आणि फाटकाबाहेर जाऊन सोडली. समोरच्या झाडाची सगळी पानं गळाली म्हणतात.

थोडं तिखटमीठ लावते मी सांगताना. वयच झालंय तसं. पण आता जे सांगणार आहे, त्यात चिमूटभरही मीठ नाही. ते आहे तसंच इतकं कडू आहे, की वरून काही घालायची गरजच नाही.

एका काळ्या कॅबिनेटमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या त्या उभ्या खोक्यात, मला बसवलं आणि आमची रवानगी झाली दाखल्यांच्या कचेरीत. जन्माचा दाखला, राहत्या जागेचा दाखला, जिवंत असल्याचा दाखला. माणूस समोर उभा राहून श्वास घेत असला तरी त्याला तो लागतोच. लांबट खोली, हिरवट भिंती, एकच खिडकी आणि तिचीही काच रंगवलेली. काउंटरला जाळी, जाळीपलीकडे रांग. जाळीच्या आत दोन टेबलं. भिंतीलगतचं एक लाकडी, इतकं जड की ते आधी ठेवून मग भोवती इमारत बांधली असावी. दुसरं पत्र्याचं, हलकं, पायाखाली कागदाच्या घड्या घातलेलं. त्या पत्र्याच्या टेबलावर आमचं कॅबिनेट. मागे अर्ध्या दाराची एक केबिन, तिच्यात मॅडम.

मॅडम म्हणजे कचेरीच्या अधिकारी. स्वभावानं मऊ. इतक्या मऊ, की शेवटी ज्याचा हात लागेल त्याच्या बोटांचे ठसे त्यांच्या मतावर उमटायचे. लाकडी टेबलावर हेडक्लार्क, सगळे त्यांना दादासाहेब म्हणायचे. आणि पत्र्याच्या टेबलावर, माझ्यासमोर, धाकटी.

कचेरीत बायका दोनच. मॅडम मोठ्या, म्हणून ही धाकटी. टाइप करायला घेतलेली, पण हंगामी. हंगामी म्हणजे काय, ठाऊक आहे ना? खुर्चीवर बसायचं, पण टेकायचं नाही.

तिची बोटं काय चालायची म्हणून सांगू! कीबोर्डवरच्या कळा एकमेकींना विचारायच्या, "अगं, आता तुझ्यावर पडलं की माझ्यावर?" सकाळी आली की कॅबिनेटवर थाप मारायची, "चला बाई, उठा, रांग लागलीय." शनिवारी काडीला कापूस गुंडाळून आमच्या फटीफटीतली धूळ काढायची. माझ्या आयुष्यात माझ्याशी बोललेलं हे एकच माणूस. बाकीच्यांनी माझ्याबद्दल बोलण्यातच समाधान मानलं.

दुपारी डबा खाता खाता ती आईला फोन लावायची. तिची आई गावाबाहेर धाकटीच्या भावाकडे राहायची.

"आई, जेवलीस?"

"जेवले गं. तुझी वहिनी वाढते वेळेवर."

"झोपतेस कुठं?"

"पॅसेजमध्येच की. वारा चांगला येतो."

"थंडीतसुद्धा चांगला येतो का गं?"

आईनं विषय बदलला. "तुझी ऑर्डर कधी निघायची?"

"वर्ष संपताना. मॅडमनी चांगला शेरा दिला की मी कायम. कायम झाले की कचेरीमागचं क्वार्टर मिळतं. दोन खोल्या, आई! आणि आतल्या खोलीला दार आहे."

"दार कशाला लागतंय मला?"

"लागतं. तू आत झोपलीस की मी ते ओढून घेणार. कुणी तुला ओलांडून जाणार नाही."

झालं, मित्रांनो, एवढंच तिचं मागणं होतं. एक दार. त्यासाठी ती आमच्यासमोर बसून बोटं झिजवत होती.

आता दादासाहेबांचा शिक्का सांगते. पितळेचा, मुठीत मावणार नाही एवढा, वर लाकडी मूठ. दादासाहेबांचा एक नियम होता. दाखला प्रिंटरमधून निघाला की कागद गरम असतानाच शिक्का बसला पाहिजे, नाहीतर शाई धरत नाही. हे त्यांना कुणी सांगितलं, देव जाणे. कचेरीत पूर्वी हातानं दाखले लिहायचे तेव्हा कागद कधी गरम नसायचा आणि शाई तरीही धरायची. पण नियम म्हणजे नियम. म्हणून ते दिवसभर आमच्या पत्र्याच्या टेबलाच्या कोपऱ्याशी उभे. धाकटी पुढचा दाखला टाइप करतेय, आणि हे मागच्यावर शिक्का मारतायत. दाण! हातही असा, की शिक्का कागदावर मारतायत की जुन्या वैऱ्याच्या डोक्यात, कळू नये. टेबलाचा पत्रा थरथरायचा. माझ्या चकत्या अंग चोरून घ्यायच्या.

धाकटीनं एकदा धीर करून विचारलं होतं. "दादासाहेब, टेबल हलतं हो, अक्षरं चुकतात माझी. शिक्का जरा तिकडे तुमच्या टेबलावर माराल का?"

दादासाहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. "तू पाटीवर रेघोट्या मारत होतीस ना, तेव्हापासून मी इथं शिक्का मारतोय. टेबल हलतं म्हणे! टेबल नाही, तुझे हात हलतात."

रांगेतली माणसं हसली. तिनं पुन्हा विचारलं नाही.

कॅबिनेटच्या तोंडावर दोन बटणं असतात. मोठं, ते चालू करायचं. त्याच्याखाली वाटाण्याएवढं दुसरं, रिसेटचं. ते दाबलं की कॉम्प्युटर हातातलं सगळं टाकून देतो आणि पहिल्यापासून उठून बसतो. आमच्या या वाटाण्याची आतली स्प्रिंग म्हातारी झाली होती. गुडघे गेले म्हणा ना. कुणी न दाबताच बटण आत कलायचं. आणि कधी शिक्का जरा जोरात पडला, की दाण! बटण आतल्या आत टेकायचं आणि कॉम्प्युटर बंद. मग बीप, आणि पुन्हा पहिल्यापासून. धाकटीनं टाइप केलेलं सगळं गेलं.

आजार हा एवढाच होता, मित्रांनो. एक वाटाण्याएवढी स्प्रिंग आणि एक जड हात.

पहिल्यांदा झालं तेव्हा धाकटी "अगंबाई!" म्हणून ओरडली. दादासाहेबांनी मारायला उचललेला शिक्का हवेतच धरला.

"काय केलंस?"

"काही नाही हो. आपोआप गेलं."

"आपोआप काही जात नाही. काहीतरी दाबलं असशील."

दुसऱ्या दिवशी पुन्हा. त्याच्या दुसऱ्या दिवशी दोनदा. रांग ओरडायला लागली की दादासाहेब चिडायचे. चिडले की शिक्का आणखी जोरात, आणि शिक्का जोरात की आम्ही बंद. आम्ही बंद, की ते आणखी चिडायचे. आत आम्ही सगळे जिवाच्या आकांतानं ओरडायचो, "बटण! अहो, बटण! शिक्का!" पण आम्हाला बोलायला शब्द दिलाय एकच. बीप. त्यातून कोण काय समजणार?

मग डॉक्टर आला. म्हणजे कॉम्प्युटर दुरुस्तीवाला, पण त्याला डॉक्टर म्हटलेलं आवडायचं. तो आला की कचेरीचा एक रिवाज होता. काउंटरवर 'यंत्र दुरुस्त होत आहे' ही पाटी लागायची, रांग बाहेरच्या बाकांवर जाऊन बसायची, चहा यायचा आणि सगळं काम बंद. शिक्कासुद्धा बंद. कॅबिनेट उचलून मॅडमच्या केबिनमध्ये नेऊन ठेवायचे, तिथं उजेड चांगला म्हणून. तिथं गादीवर ठेवल्यासारखं शांत. ना दाण, ना थरथर. आम्ही आपले शहाण्या मुलासारखे चालतोय. डॉक्टरचा एक चहा पिऊन झाला, दुसरा पिऊन झाला, बंद म्हणून पडेना.

"आत्ता बरं चालतंय," डॉक्टर म्हणाला. पण काहीच न बदलता जाणं त्याच्या इज्जतीला शोभेना. त्यानं स्क्रू ड्रायव्हरचं एक टोक माझ्या अंगाला लावलं, दुसरं स्वतःच्या कानाला, आणि डोळे मिटले.

"डिस्क खरखरतेय."

अरे, मी श्वास घेत होते! गरागरा फिरणारं कुणीही जरा आवाज करणारच. तू चार जिने चढून ये, मग ऐकू तुझी खरखर. पण निदान झालं होतं. त्यानं माझ्या पोटातलं सगळं, एकूण एक दाखला, नव्या डिस्कमध्ये ओतला, मला पुसून कोरी केली आणि खिशातलं लाल पेन काढलं. मित्रांनो, मी खराब असते तर माझ्या पोटातलं सगळं असं सहीसलामत निघालं असतं का? एवढा साधा प्रश्न, पण तिथं कुणाला पडला नाही. कागदपत्रं पुसली गेली. आठवणी तेवढ्या राहिल्या, त्या पुसायचं बटण अजून निघालं नाही.

मला टाकलं धाकटीच्या टेबलाच्या खालच्या खणात. तिथं तिचा कप, कंगवा, सुईदोऱ्याची डबी. आणि अंधार. पण खण त्याच टेबलाचा होता, त्यामुळे शिक्का मला आता थेट छातीवर बसायचा. डॉक्टर गेला, कॅबिनेट परत जागेवर आलं, पाटी निघाली, रांग आत आली. दाण! आणि वरून, बीप.

"आता काय झालं?" मॅडमचा आवाज.

"पुन्हा गेलं," धाकटी म्हणाली. आवाज एवढासा.

डॉक्टर दुसऱ्यांदा आला. पाटी, बाक, चहा, शांतता. या वेळी त्यानं मेमरीची पट्टी काढली. ती पडली माझ्या शेजारी. बारीक, नाजूक, चेहऱ्यावर हिरवा रंग. तिचं दुःख वेगळंच होतं. मेमरीच्या पट्टीला वीज असेपर्यंतच आठवतं, वीज गेली की सगळं साफ. ती दर थोड्या वेळानं मला विचारायची, "आजी, आपण इथं का आहोत?" मी सांगायचे, "तुला काढून टाकलंय, बाई." "माझं काय चुकलं?" "काही नाही." मग ती रडायची. जरा वेळानं विसरायची आणि पुन्हा विचारायची. मी पुन्हा सांगायचे. ती पुन्हा रडायची. एकदाच रडून भागणारी दुःखं मी त्यानंतर छोटी मानायला लागले.

तिसऱ्या खेपेला वीजपुरवठ्याचा डबा आला खणात, धिप्पाड, घामट, संतापलेला. "एवढी वर्षं सगळ्यांना घोट घोट वीज पाजली मी, आणि मला खराब म्हणतात!" त्याच्या वायरी इतक्या होत्या की खण लागेना. आम्ही तिघं निर्दोष एकमेकांच्या अंगावर पडून वरचं ऐकत राहिलो. दाण. दाण. दाण. बीप.

चौथ्यांदा डॉक्टरनं हात टेकले. बशीत चहा ओतत तो हसत म्हणाला, "दादासाहेब, यात बदलायला आता काही उरलं नाही. सगळं नवंकोरं आहे. आता जुनं म्हणाल तर समोर बसणारं माणूसच."

सगळे हसले. धाकटीसुद्धा हसली. हसणाऱ्यात सामील झालं की हसं आपलं नाही असं वाटतं ना, तशी.

पाहिलं की सगळे ऐकतायत, तसा डॉक्टरला चेव आला. "नाही, खरंच सांगतो. असतं काही जणांच्या अंगात. करंट. त्यांच्या मनगटावर घड्याळं चालत नाहीत. मशीनला हात लावला की मशीन गार."

दादासाहेबांचं हसू सगळ्यात आधी थांबलं. "आई गं," ते म्हणाले, "हे माझ्या कसं लक्षात नाही आलं?"

चहाबरोबर उडवलेली थट्टा होती हो ती! डॉक्टर कप ठेवून गेला आणि संध्याकाळपर्यंत विसरलाही. कचेरीनं मात्र ती उचलून जपून ठेवली. दुसऱ्या दिवशी धाकटीच्या पायाखाली लाकडी फळी आली. तिसऱ्या दिवशी तिला रबरी चपला घालून बसायला सांगितलं. दादासाहेब रांगेला समजावून सांगायचे, "जरा थांबा हं, आमच्या बाईंच्या अंगात करंट आहे." एक बाई दाखला घेताना म्हणाली, "हातात नको, तिथं काउंटरवर ठेवा." आणि कडेवरच्या लेकराचा हात मागे ओढला.

दाण. बीप. रबरी चपला घालूनही दाण, बीप.

दुपारच्या फोनवर धाकटी आईला हे काही सांगायची नाही. म्हणायची, "ऑर्डर निघेल गं. पडदे कुठल्या रंगाचे घेऊ?"

वर्ष संपत आलं. मॅडमनी तिला केबिनमध्ये बोलावलं. अर्धं दार, त्यामुळे आम्हाला सगळं ऐकू आलं.

"मी काय करू गं, तूच सांग. एवढं सामान बदललं, डॉक्टरनं हात टेकले. वर काय लिहू मी?"

"मॅडम, मी काहीच करत नाही हो. मी नुसतं टाइप करते."

"तेच म्हणतेय मी. तू नुसतं टाइप करतेस आणि ते बंद पडतं."

मॅडमचे डोळे भरून आले होते म्हणे. भरले असतील. पण त्याच भरल्या डोळ्यांनी त्यांनी लिहिलं, की या उमेदवाराची मुदत वाढवू नये.

तिच्या जागी दादासाहेबांचा भाचा आला. डाव होता असं म्हणू नका. दादासाहेबांची खरोखर खात्री पटली होती, आणि खात्री पटलेला माणूस लबाडापेक्षा भारी पडतो. लबाडाला निदान आपण काय करतोय ते ठाऊक असतं. जाता जाता धाकटीनं भाच्याला काम शिकवावं असं ठरलं. ती मागे स्टुलावर, तो तिच्या खुर्चीवर.

पहिल्याच सकाळी दादासाहेबांनी गरम दाखला उचलला, टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवला आणि, दाण!

भाच्यानं कानात बोटं घातली. "मामा, हे काय कानाशी? डोकं उठलं माझं. तिकडे तुमच्या टेबलावर मारा ना."

मी खणात श्वास रोखला. आता भाच्याचेही हात हलतात, असं ऐकायला मिळणार म्हणून.

दादासाहेब हसले. "बरं बाबा, राहिलं."

"आणि कागद गार होईल वगैरे म्हणू नका. तिकडे नेईपर्यंत काय बर्फ होतोय का त्याचा?"

"नाही रे. दोन पावलं तर आहेत."

आणि गेले! शिक्का, शाईची पेटी, सगळं घेऊन त्या डोंगराएवढ्या लाकडी टेबलाकडे गेले. तिथं शिक्का पडला तर नुसता 'डब' असा आवाज. आमचं पत्र्याचं टेबल आयुष्यात पहिल्यांदा गप्प उभं राहिलं. तो दिवस गेला, दुसरा गेला. एकदाही बीप नाही.

"बघितलंत मॅडम?" दादासाहेब केबिनच्या दारावर रेलून म्हणाले. "माणूस बदललं आणि मशीन कसं सुतासारखं सरळ!"

धाकटी स्टुलावर बसून बघत होती. तिची नजर टेबलाच्या कोपऱ्यावर गेली. शिक्के खाऊन खाऊन तिथला पत्रा खड्ड्यासारखा आत गेला होता. तिनं त्या खड्ड्यावरून बोट फिरवलं. मग वळून भिंतीकडच्या शिक्क्याकडे बघितलं. कपाळावर बारीक आठी आली. खणात आम्ही तिघं एकमेकांना आवळून बसलो. पट्टीला काय चाललंय ते आठवत नव्हतं, तरी तीसुद्धा. आलं, आलं, आता आलं हिच्या लक्षात!

"ताई, हे सेव्ह कसं करायचं हो? गेलं वाटतं माझं," भाचा म्हणाला.

ती दचकली. बोट काढून घेतलं. "थांबा, दाखवते," म्हणून उठली. धागा तुटला तो तुटलाच.

शेवटच्या दिवशी ती खण रिकामा करायला बसली. कप घेतला, कंगवा घेतला. दादासाहेबांनी वरून वाकून बघितलं. "तेही ने की. तूच घालवलंस ते. आमच्या खणात कशाला भंगार?"

डबा आणि पट्टी नेणं तिला नको वाटलं, का ते ठाऊक नाही. मला मात्र तिनं रुमालात गुंडाळलं आणि पिशवीत ठेवलं. पट्टीनं मागून विचारलेलं मला ऐकू आलं, "आजी कुठं चालली?" डब्यानं काय सांगितलं असेल कोण जाणे.

आईला आणायला निघालेली ही पोरगी, स्वतःच आईजवळ जाऊन राहिली. भावाच्या घरी, त्याच पॅसेजमध्ये. एका भिंतीला आई, एका भिंतीला ती. मधून घरातली माणसं येतात जातात, पाय उचलून.

भावाकडे एक जुना कॉम्प्युटर होता, डिस्क गेलेला. त्यानं एका रविवारी सहज मला त्यात लावून बघितलं. मी काय सांगू! किती दिवसांनी वीज अंगात गेली. अशी फिरले, अशी फिरले, की मनात आणलं असतं तर त्या कॉम्प्युटरसकट छताला लागले असते.

"अगं, ही तर ठणठणीत आहे!" भाऊ म्हणाला. "कोण म्हणालं खराब?"

धाकटीनं सगळं पुन्हा पुन्हा तपासायला लावलं. तिच्या चेहऱ्यावर किती दिवसांनी रंग आला. सोमवारी सकाळी तिनं मला काढून घेतलं, पिशवीत घातलं आणि थेट कचेरी गाठली.

तिथं डॉक्टर सहज चहाला आलेला. मॅडम, दादासाहेब, भाचा, सगळे हजर. तिनं मला टेबलावर ठेवलं. एका दमात म्हणाली, "ही चांगली निघाली. डिस्क खराब नव्हतीच. डॉक्टरांचं चुकलं होतं."

डॉक्टर चहाकडे बघत राहिला. मला वाटलं, जिंकली!

दादासाहेबांनी मला उचललं, उलटंसुलटं केलं, परत ठेवलं. आणि शांतपणे, समजुतीच्या सुरात म्हणाले, "बरं. डिस्क चांगली होती. म्हणजे ती पट्टीही चांगली असणार. डबाही चांगला असणार. मशीनमध्ये काहीच खराब नव्हतं. हो ना? मग बिघाड कशात होता, आता तूच सांग."

मित्रांनो, मला वाटलं होतं मी तिची साक्षीदार आहे. माझं निर्दोष असणंच तिच्या गळ्याभोवती फास झालं. त्या क्षणी मी खरंच खराब असते तर बरं झालं असतं.

मॅडम कळवळून म्हणाल्या, "जाऊ दे हो दादासाहेब. बस गं तू, चहा घे." भाच्यानं आपली खुर्ची नकळत तिच्या आणि मशीनच्या मधे सरकवली.

तिनं मला पिशवीत टाकलं आणि उठली. दारापाशी पोचली असेल नसेल, मागे डॉक्टर अवघडून कॅबिनेटला टेकला. चाळा म्हणून बोट त्या वाटाण्यावर गेलं, आणि बीप! स्क्रीन काळा.

"अहो डॉक्टर! माझा दाखला!" भाचा ओरडला. सगळे खो खो हसले.

"बटण सैल झालंय रे तुमचं," डॉक्टर म्हणाला. "स्प्रिंग गेलीय. पुढच्या वेळी बघू."

हे मी ऐकलं, पिशवीतून. तिनं ऐकली ती फक्त बीप. आणि त्यावरचं हसू. तिला वाटलं, आपण आत पाऊल ठेवलं म्हणूनच बंद पडलं. ती इतक्या भरभर चालायला लागली, की पिशवीत मी तिच्या गुडघ्यावर आदळत होते.

आता मी त्या भावाच्या कॉम्प्युटरमध्ये असते, पॅसेजच्या टोकाला. ती लोकांची टायपिंगची कामं घेऊन घरी करते. टाइप करायच्या आधी रुमालाला हात पुसते, एकदा, मग पुन्हा एकदा. वीज सगळ्या आळीची गेली, तरी आधी स्वतःच्या बोटांकडे बघते. परवा स्वयंपाकघरातला बल्ब गेला. ही इकडे पॅसेजमध्ये बसलेली, तरी वहिनीला म्हणाली, "माझ्यामुळे नसेल ना?" आईनं अंधारात तिचा हात शोधला आणि धरून ठेवला. तिला तरी कुठं काय ठाऊक आहे?

मित्रांनो, मी आता म्हणायला हवं, की यंत्रांची काळजी घ्या, आपटू नका, धूळ पुसा. पुसा बापडे. पण माझ्यासारख्या डबीला जपून काय करायचंय? मला तुमच्याकडून दुसरंच हवंय. तुमच्यासमोर कुणी एखादीला म्हणालं, की तुझ्यामुळेच बिघडलं, तर लगेच माना डोलवू नका. तिच्या आजूबाजूला कोण उभं आहे, त्याच्या हातात काय आहे, ते आधी बघा. आणि बोला. तुम्हाला बीपपेक्षा जास्त शब्द दिलेत.

आणि कधी त्या पॅसेजवरून गेलात, तर तिला हाक मारा. म्हणावं, मावशी, शिक्का होता तो, आणि एक सैल बटण. तू नव्हतीस. पहिल्यांदा ती हसेल, म्हणेल, जा रे, खेळा. विश्वास नाही ठेवणार. जाऊ नका. पुन्हा सांगा.